तांडेलाला न बुडवणाऱ्या बाई

प्रिय मिहीर आणि इरा,

हे तुम्ही स्वतः वाचलंत तर मला फार आवडेल. पण मी तुम्हाला ओळखून आहे. मराठी तुम्हाला कळतं, बोलताही येतं, पण दोन ओळी वाचल्या की तुम्ही जोडाक्षरांत अडकता आणि फोनला सांगता, तूच वाच. तेव्हा तुमच्या तिकडच्या स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई माझं पत्र तुम्हाला वाचून दाखवते आहे असं धरूनच मी लिहिते. तिला दम लागत नाही, त्यामुळे माझी वाक्यं लांबली तरी चालेल. तिला हसू मात्र येत नाही. ते काम तुम्ही करायचं.

आज सांगायचं आहे ते दुसऱ्या एका वाचणाऱ्या बाईंबद्दल. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्या आता कुडाळला भाचीकडे असतात, ठणठणीत आहेत, आणि आपल्यावर कोणी काही लिहिलंय असं कानावर गेलं तर ते मिळवून चार लोकांना आपल्या पद्धतीने वाचून दाखवतील. मग त्यात मी कुठल्या अवतारात असेन ते सांगता येत नाही. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो.

बाई आयुष्यभर ठाण्याला एसटी स्टँडवर होत्या. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या सांगायच्या. राहायला खोपटला. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीत आमच्या समोरच्या इमारतीत बहिणीच्या जागेत आल्या. त्या काळच्या घोषणांबद्दल त्यांना दोनदा लेखी समज मिळाली होती आणि ते दोन्ही कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवले होते. मी पाहिले आहेत. पहिला अशासाठी की त्यांनी माइकवरून म्हटलं होतं, "शिर्डी गाडी फलाट तीनवर लागली आहे. चालक आले आहेत, वाहक आले आहेत, आपण कुठे आहात?" दुसरा कशासाठी ते त्या सांगत नसत आणि कागदावर फक्त 'अनावश्यक मजकूर' एवढंच होतं.

अनावश्यक मजकूर हा त्यांचा प्रांतच होता. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष फळ्यावर नोटीस लावायचे ती एका ओळीची. उद्या पाणी येणार नाही. खाली सही. डोळ्यांनी अधू असलेल्या कोणा शेजाऱ्याने बाईंना ती वाचून दाखवायला सांगितलं की बाई वाचत, "उद्या पाणी येणार नाही. आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. ज्यांना पाणी भरून ठेवणं जमणार नाही त्यांनी माझं दार वाजवावं." आठवडाभरात अध्यक्षांना लिफ्टमध्ये आशीर्वाद मिळू लागले. दोन म्हाताऱ्यांनी खरोखर दार वाजवलं. बिचारा गोंधळला, पण त्याला ते आवडलं असावं, कारण पुढची नोटीस त्याने चार ओळींची लिहिली.

आमचा वाचनाचा गट रोज पाच ते सहा बसायचा. पंपाच्या खोलीवर सोसायटीची बैठकीची खोली आहे, तिथे. मानपाड्याकडून कारखान्यांचा वास आला की खिडकी लावून घ्यायची, एरवी उघडी. आठ खुर्च्या. वाचायच्या बाई. हजेरीची वही, पुस्तकातली खूण आणि वेळ हे माझ्याकडे. तुम्हाला माहीत आहे, मी चौतीस वर्षं एका कंपनीत रेकॉर्ड विभाग सांभाळला. माझ्याकडून कागद हरवत नाही.

बाई बसल्या की हातातलं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवायच्या. पान उलटायला बोट लावायच्या नाहीत, पेन्सिलीच्या मागच्या रबराने उलटायच्या. थर्मासमध्ये ज्येष्ठमधाचं पाणी. पंखा बंद करायला लावायच्या, उकडलं तरी. वाचताना कोणी पेंगलं तर त्याला हाक मारायच्या नाहीत, सरळ पुस्तकात घ्यायच्या. "इतक्यात वाड्याच्या दारात गुप्तेवहिनी येऊन उभ्या राहिल्या," असं ऐकू आलं की गुप्तेवहिनी दचकून जाग्या होत आणि म्हणत, "मी? मी कशाला गेले तिथे?"

निसर्गवर्णनाशी बाईंचं वाकडं होतं. "इथे दोन पानं डोंगर आहे," त्या जाहीर करत, "तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे." आणि पेन्सिलीच्या रबराने डोंगर ओलांडून पुढे जात. मला हे खपत नसे. इंग्रजी शाळेतल्या आमच्या नन्सनी शिकवलं होतं की पुस्तक जसं लिहिलं आहे तसं वाचायचं, आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. मी एकदा सगळ्यांसमोर तसं म्हटलंही. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लेखक काही इथे बसलेला नाही. इथे आपण बसलोय," म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यावर मी हजेरीच्या वहीत बारीक अक्षरात लिहून ठेवलं, 'डोंगर वगळला, पाने दोन.'

आता तांडेलाकडे येते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस.

त्या वर्षी लायब्ररीतून एक जाडजूड जुनी कादंबरी आणली होती. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, त्यामुळे नाव कोणालाच माहीत नव्हतं. कोकणातलं एक बंदर, एक वखारवाला, त्याची कोर्टकज्जे करणारी भावंडं, आणि दत्ताराम तांडेल. दत्ताराम कोणाला घाबरायचा नाही आणि वखारवाल्याच्या तोंडावर त्याची चूक सांगायचा. आमच्यातल्या साळवीकाकांचा तो फार लाडका झाला.

साळवीकाका कल्याणजवळ मोहन्याला कारखान्यात फिटर होते. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते, कडेकडेने थोडा उजेड दिसायचा एवढंच. डोळे गेल्यावर त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. जेवायलासुद्धा खोलीतून बाहेर येत नसत. त्यांची मुलगी सुषमा माझ्याकडे येऊन रडली होती, काकी, कसंही करून बाबांना दोन दिवस तुमच्या गटात बसवा. ते आले ते दोन दिवसांसाठीच. तिसऱ्या दिवशी दत्ताराम पुस्तकात आला आणि काका रोज यायला लागले. पावणेपाचला काठी वाजायची.

एके दिवशी वादळाचं प्रकरण सुरू झालं आणि बाईंनी नेमकं होडी हेलकावे खात असताना सहाच्या ठोक्याला पुस्तक मिटलं. काका उठता उठता म्हणाले, "बाई, एक सांगून ठेवतो. हा जर बुडाला तर मी उद्यापासून येणार नाय. बुडायचंच तर घरी बसून बुडतोच आहे मी." सगळे हसले. सुषमा त्यांना न्यायला दारात उभी होती, ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम वाचला. मासळीची एक लाँच आली, दोर टाकला, त्याला वर ओढून घेतलं. बाईंनी असं वाचलं की मीही वहीत वेळ लिहायची विसरले. काकांनी मांडीवर थाप मारली.

त्यानंतर मात्र दत्ताराम बदलला. असायचा सगळीकडे, लग्नाला, कोर्टात, बंदरावर, पण बोलायचा नाही. साळवीकाकांच्या हे लगेच लक्षात आलं. "तांडेल हल्ली फार गप्प झालाय," ते म्हणाले. "येतो, मान डोलावतो नि जातो."

"वय झालं त्याचं," बाई म्हणाल्या.

"अडतीस वर्षांचा आहे तो."

"समुद्रावर वय लवकर होतं."

हे असं दोन आठवडे चाललं. मग बाईंचा आवाज बसला. ठाण्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. बाईंनी हे आम्हाला चिठ्ठीवर लिहून कळवलं आणि खाली लिहिलं, 'तोवर सुट्टी.'

सुट्टी कोणालाच नको होती. आणि नेमकं त्याच्या आधी, तुम्ही इथे आला होतात तेव्हा, इराने माझ्या फोनवर ते वाचणारं अ‍ॅप घालून दिलं होतं. पानाचा फोटो काढायचा की फोन ते पान मोठ्याने वाचतो. मी गटाला ते दाखवलं. फोन वाचायला लागला की पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव आणि तळाचा आकडाही वाचत होता, मधेच, कोणी रडत असलं तरी. गुप्तेवहिनी म्हणाल्या, ही बाई श्वासच घेत नाही. साळवीकाका म्हणाले, ऑइलिंग चांगलं झालेलं दिसतंय. सर्वानुमते ठरलं की पंधरा दिवस फोनने वाचायचं, रोज बारा पानं, फोटो मी काढून आणायचे.

बाईंनी हात हलवले, मान हलवली, चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या. 'मशीन नको.' 'पुस्तक खराब होईल.' 'डोंगर आला तर?' आम्हाला वाटलं, मत्सर. शेवटी त्यांनी पुस्तक पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं ते बोटं सैल न करताच. मला ओढून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्या माझ्या दारात. आत येऊन बसल्या, पेन काढलं आणि लिहिलं, 'तांडेल गेला.'

मी विचारलं, कोण तांडेल, तुमच्या नात्यातले का?

त्यांनी कपाळाला हात लावला आणि लिहिलं, 'पान १४०.'

मी पुस्तक उघडलं. पान एकशे चाळीसवर दत्ताराम तांडेल बुडाला होता. लाँच नाही, दोर नाही. बुडाला, तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला, बायको आली, प्रकरण संपलं. म्हणजे दोन आठवडे बाई एका मेलेल्या माणसाला लग्नाकार्यात घेऊन हिंडत होत्या. तो बोलत नव्हता याचं कारण साधं होतं. त्याने काही विचारलं तर पुस्तकातलं कोणीच त्याला उत्तर देणार नव्हतं.

मुलांनो, मी चिडले. पुस्तकाशी असा खेळ करायचा नसतो हे मी त्यांना ऐकवलं, आणि त्या बोलू शकत नसल्यामुळे मला जरा जास्तच ऐकवता आलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकच ओळ लिहिली. 'साळवी काय म्हणाले होते ते तुमच्या वहीत नसेल.'

नव्हतं. पण मला पाठ होतं.

त्या दिवशीची बारा पानं आम्ही दोघींनी मिळून चाळली. बहुतेक पानांत दत्तारामचा उल्लेखच नव्हता, तिथे धोका नव्हता. फक्त पान दोनशे बारावर लिहिलं होतं, 'त्या दिवशी दत्ताराम तांडेलाचं वर्षश्राद्ध होतं. पंक्तीत आठच माणसं होती. खीर उरली.' बाईंनी लिहून दिलं, मी कॉम्प्युटरवर टाइप केलं. अक्षरसुद्धा पुस्तकासारखं निवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटा कागद तयार करत होते आणि सांगायला लाज वाटते, पण समास अगदी बरोबर आला तेव्हा मला बरं वाटलं. बाईंचा मजकूर असा होता: 'त्या दिवशी वखारीत सत्यनारायण होता. पंक्तीत नऊ माणसं होती. नववा दत्ताराम. खीर उरली नाही.'

आता माझी चूक. आमच्या रेकॉर्ड विभागाचा नियम होता की मूळ कागद कधीही काढायचा नाही. दुरुस्ती आली तर तिला त्याच क्रमांकाचा 'अ' द्यायचा आणि मूळ कागदाच्या मागे लावायची. चौतीस वर्षांत माझा हात दुसरं काही शिकलाच नाही. मी छापलेल्या पानावर व्यवस्थित '२१२ अ' असं लिहिलं, दोनशे बाराचा फोटो काढला, त्याच्या मागे दोनशे बारा अ चा काढला, आणि सगळं कसं क्रमवार लागलंय म्हणून समाधानाने चहा प्यायले.

पाच वाजता फोनने वाचायला सुरुवात केली. बाई आपल्या नेहमीच्या खुर्चीत, घड्याळ पालथं. फोनने स्वच्छ, शांत आवाजात दत्तारामचं वर्षश्राद्ध घातलं. आठ माणसं बसवली, खीर उरवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन बंद करायला हात पुढे केला तोवर फोनमधल्या बाईने त्याच आवाजात दोनशे बारा अ म्हणून सत्यनारायण मांडला, दत्तारामला नववा बसवला आणि खीर संपवली.

मग गुप्तेवहिनी म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच श्राद्धाची खीर संपवली की हो त्याने." आणि सगळे जे हसत सुटले ते थांबेनात. बाईंना हसायचीही बंदी होती, त्या पदर तोंडात धरून हलत होत्या.

साळवीकाका हसले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले. मग माझ्या दिशेने तोंड वळवून विचारलं, "मशीन खोटं वाचतं काय?"

नाही, मी म्हटलं. समोर असेल तेच वाचतं.

"मग त्यातलं पुस्तकातलं कुठलं? आधीचं की मागचं?"

मी सांगितलं. आधीचं. मग सगळंच सांगितलं, पान एकशे चाळीसपासून. ते काठी चाचपत उठले. सुषमा यायला अजून अर्धा तास होता. मी सोबत निघाले तर नको म्हणाले, भिंतीला हात लावत जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही. सुषमाने फोनवर सांगितलं की पुन्हा खोलीतच बसून आहेत, ताट आत न्यावं लागतं. बाई दोन्ही दिवस आल्या, बसल्या, घड्याळ मात्र काढलं नाही. फोन वाचत होता आणि कोणाचंही लक्ष नव्हतं. मला वाटत होतं की खरं तेच सांगितलं, माझं काय चुकलं. आणि हेही वाटत होतं की एक कागद मी वेळेवर काढून टाकला असता तर हा माणूस आज इथे असता.

चौथ्या दिवशी साडेचारलाच काठी वाजली. साळवीकाका सुषमाचा हात धरून आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एकशे चाळीस लावा. जसं आहे तसं ऐकायचंय मला."

बाईंनी पुस्तकाकडे हात नेला. बोलायची बंदी आहे हे त्या क्षणभर विसरल्या असाव्यात. काकांना ती हालचाल कडेच्या उजेडात दिसली की पानांचा आवाज ऐकू आला, कोण जाणे. ते म्हणाले, "बाईंनी नको. त्यांना नाय जमायचं. मशीनला वाचू दे."

मी दोन पानांचे फोटो काढले आणि फोन टेबलावर ठेवला. फोनमधल्या बाईने दत्तारामला बुडवलं. कुठे थांबली नाही, आवाज चढला नाही, उतरला नाही. लाट आली, वल्हं गेलं, तो दोनदा वर आला आणि मग आला नाही. पान संपलं तिथे तिने 'एकशे चाळीस' म्हटलं, पुढच्या पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव वाचलं आणि किनाऱ्यावर आलेल्या त्याच्या बायकोकडे गेली. आकड्याला कोणी हसलं नाही. मला त्या फोनबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. आमच्यापैकी एकीलाही हे असं वाचता आलं नसतं.

काकांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "ती लाँच. मासळीची. ती पुस्तकात नव्हतीच?"

"नव्हती," मी म्हटलं.

"दोरपण नाय?"

"नाही."

त्यांनी बाईंच्या खुर्चीकडे तोंड केलं. "मग बाई, लाँच वेळेवर आणलीत तुम्ही."

बाईंनी खाली पाहिलं. मी त्यांना इतक्या वर्षांत खाली पाहताना पाहिलं नव्हतं.

"आता एक विचारतो," काका म्हणाले. "तो मेलाय हे मला कळलं. ते झालं. पण पुस्तक अजून शंभर पानं आहे, आणि कोर्टाचा निकाल लागायचाय. तुमचा आवाज आल्यावर तो निकालाला येणार की नाय? येणार असेल तर मी रोज येतो. नाहीतर सुषमाला उगाच हेलपाटा कशाला."

सुषमा माझ्याकडे पाहत होती. बाईंनी पेन उचललं आणि भराभरा लिहायला लागल्या. चिठ्ठी माझ्याकडे सरकवली, मीच वाचून दाखवायची म्हणून. त्यावर लिहिलं होतं, 'मेलेला माणूस किती दिवस ओढू? दमले मी. आता सगळ्यांना माहीत आहे, मजा गेली. मशीनलाच वाचू द्या.'

मी चष्मा नीट केला. चिठ्ठी दोन्ही हातांत धरली, शाळेत उभं राहून वाचायचो तशी.

"बाई लिहितात," मी वाचलं, "येणार. आणि या वेळी कोर्टात तो बोलणार आहे."

काकांनी मांडीवर थाप मारली. बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांना अजून दहा दिवस एक शब्दही बोलायची परवानगी नव्हती.

तुमची आजी